उभं राहता येईल अशी खोली

भोपाळमधल्या सोनागिरीतल्या आमच्या घराच्या फाटकातून गाडीमागे जोडलेला तो ट्रेलर आत आला तेव्हा मी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होते. नवऱ्याने एक अवाढव्य हेल्मेट विकत घेतलंय, अशी माझी पहिली समजूत झाली. गोल पाठ, खाली दोन चाकं, दोन्ही बाजूंना फ्रिजच्या दारापेक्षा जरा मोठी दारं. आत डबल गादी. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाची फळी, गुडघ्याच्या किंचित वर. बदली होऊन निघालेल्या एका फौजी अधिकाऱ्याकडून त्याने तो घेतला होता. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर घेता आला नसता, हे त्याला ठाऊक होतं. (समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते. लिहिताना ‘तो’ बरा पडतो, वाक्य लवकर संपतं.)

त्याला अवजड यंत्रांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. नोकरीभर आम्ही पिपलानीच्या क्वार्टर्समध्ये राहिलो आणि मग सोनागिरीत घर बांधलं. पण कारखान्याचा भोंगा इथेही ऐकू येतो. सकाळी भोंगा झाला की तो मनगटावरचं घड्याळ बघायचा आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचा. पहिल्या हिवाळ्यात त्याने डाळींच्या डब्यांवर भरल्याची तारीख चिकटवली. उन्हाळ्यात घरातल्या सगळ्या बटणांना आणि कप्प्यांना नंबर दिले. मग नंबर देण्यासारखं काही उरलं नाही, आणि तो नुसता बसायला लागला. त्या बसण्याची मला धास्ती वाटायची. म्हणून अंगणात गुडघ्यांवर बसून तो मला त्या हेल्मेटचा ब्रेक कसा लागतो हे जुन्या आवाजात समजावून सांगू लागला, तेव्हा माझ्या तोंडात तयार असलेलं वाक्य मी गिळलं.

पण अट घातली. माझा मणका सरकलेला आहे आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, प्रवासवर्णनांचं एक अख्खं कपाट माझ्या हाताखालून गेलं. त्यांत लोक हिमालय चढतात, वाळवंटं ओलांडतात, पण कंबर कुणाची दुखत नाही आणि सकाळचा चहा कोण करतं हे कुणी सांगत नाही.

“मी येईन,” मी म्हटलं, “पण मला तिथे सरळ उभं राहून चहा करता आला पाहिजे. वाकून नाही, उकिडवं बसून नाही. दिवाळीपर्यंत नाही जमलं तर विकायचा.”

“चहा मी करत जाईन की.”

“तुमचा चहा मी प्यायलेय.”

गिऱ्हाईकही आयतंच होतं. शहरातल्याच कोटरा सुल्तानाबादचा एक तरुण प्रवासाचे व्हिडिओ करायचा. ट्रेलर पाहून तो आठवडाभरात दोनदा येऊन गेला. “आंटीजी, बेचना हो तो सबसे पहले मुझे बताना,” म्हणाला. मी त्याचा नंबर ठेवून घेतला आणि नवऱ्याला दिसेल असा फ्रिजवर लावला.

नवऱ्याने ठरवलं, ट्रेलरच्या मागे लाकडी खोली जोडायची. छोटीशी, एका माणसाला उभं राहता येईल एवढी. इथवर ठीक होतं. मात्र हा बेत त्याने सकाळी फिरायला गेल्यावर मित्रांना सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी दोन सल्लागार अंगणात हजर झाले.

एक आमचे शेजारी, मूळचे अमरावतीचे. कारखान्यात फोरमन होते. दुसरे साहेब. साहेबांचं मूळ गाव पुणे, आणि ते त्याच कारखान्यातून फार वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आहेत. हुद्दा अजून त्यांच्याबरोबर फिरायला येतो. खुर्ची कुणीतरी ओढून दिल्याशिवाय ते बसत नाहीत, आणि त्यांचं मराठी ऐकताना आपल्याला परिपत्रक आल्यासारखं वाटतं.

“सर्वप्रथम,” साहेब म्हणाले, “प्रस्तुत प्रकल्पाची व्याप्ती निश्चित करायला हवी.”

“व्याप्ती कायची साहेब,” शेजारी म्हणाले, “वहिनींले उभं राहाचं आहे. वहिनी, तुमची उंची सांगा बरं.”

मी सांगितली.

“पाच फूट दोन. घ्या, झाली व्याप्ती.”

साहेबांना एवढी लहान व्याप्ती रुचली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती वाढत गेली. लाकूड सागवानच हवं, असं ठरलं. कोपऱ्यांना लोखंडी अँगल, जमिनीला जाड फळ्या, वर पक्कं छप्पर. वाऱ्याचा जोर किती धरायचा यावर एक सकाळ गेली, आणि शेवटी समुद्रावरचं वादळ वाट चुकून भोपाळपर्यंत आलंच तर तेही सोसेल असा आकडा धरला गेला. पाऊस, ऊन, वाळवी, माकडं, सगळ्यांचा विचार झाला. “काम असं झालं पाहिजे की पुढच्या पिढ्यांनी वापरावं,” साहेब म्हणाले. पुढच्या पिढ्या त्या गादीवर कशा मावणार, हे मी विचारलं. त्यांनी ते सूचना म्हणून ऐकून घेतलं.

माझं तसं बरं चाललं होतं. पोह्यांत भुसा यायचा, पण नवरा भोंग्याच्या आधी उठायचा. घड्याळ बघायचं विसरला होता. शेजारी आणि तो रंधा मारताना एकमेकांच्या जुन्या चुका काढायचे आणि दोघं हसायचे. त्या हसण्यासाठी मी आणखी भुसा खाल्ला असता.

एकदाच मी विचारलं, “हे सगळं उचलणार कोण?”

तिघांनीही मान वर करून आकाशाकडे पाहिलं. मीही पाहिलं. वर पेरूची फांदी होती, बाकी काही नव्हतं. मग ते पुन्हा कामाला लागले.

खोली दसऱ्यानंतर पुरी झाली. ट्रेलरच्या मागच्या अंगाला ती पक्की जोडलेली होती, आणि खरं सांगायचं तर देखणी होती. आत मी सरळ उभी राहू शकत होते. कॉलनीतल्या कुणी एका बाजूला उभं राहून बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, एका देवघराला पुढे हेल्मेट जोडलंय. तिची लोकार्पणाशिवाय सुरुवात करायची नाही, असं साहेबांनी सुचवलं. म्हणजे ठरवलं. झेंडूच्या माळा आल्या, लाल फीत आली, गणेशोत्सवाचा स्पीकर आणि माइक आला. पंधरावीस लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. फीत कापून झाल्यावर गाडी जोडायची आणि कॉलनीला एक चक्कर मारायची, असा कार्यक्रम होता.

साहेबांनी फीत कापली आणि भाषणासाठी ते खोलीच्या पायरीवरून वर चढले. माइक हातात घेऊन ते अगदी मागच्या उघड्या कडेला उभे राहिले, म्हणजे सगळ्यांना दिसावं. “राष्ट्रउभारणीत ज्यांनी आयुष्य वेचलं,” ते म्हणाले, “ते हात निवृत्तीनंतरही...” इथे ट्रेलरचं पुढचं तोंड जमिनीवरून उचललं गेलं. अजिबात घाई न करता, एखाद्या ज्येष्ठ अधिकाऱ्याने सभेतून उठावं तसं. हेल्मेट वर गेलं, खोली खाली आली, मागची कड अंगणातल्या फरशीला टेकली आणि साहेब उतारावर उभे राहिले. त्यांनी खांब धरला होता, दुसऱ्या हातात माइक. “...स्वस्थ बसत नाहीत,” त्यांनी वाक्य पुरं केलं. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

“साहेब, हलू नका,” शेजारी ओरडले. “तुम्ही उतरले तर पुढचं धाडकन खाली येईल.”

मग चार जणांनी ट्रेलरचं तोंड धरेपर्यंत साहेब तसेच उतारावर थांबले. माइक चालूच होता, त्यामुळे त्यांचा श्वास सगळ्या कॉलनीने ऐकला. उतरल्यावर त्यांनी कोट झटकला आणि पेढे वाटायला सांगितले.

लोक गेले. संध्याकाळी नवरा पायरीवर येऊन बसला. हातात काही नव्हतं, पेपरही नाही.

“आपली गाडी हे ओढणार नाही,” तो म्हणाला. “ओढलं तरी बुदनीच्या घाटात उतारावर तेच गाडीला ओढेल. सगळं मोजलं आम्ही. वजनच नाही मोजलं.” मग म्हणाला, “त्या व्हिडिओवाल्या मुलाला फोन करून टाक.”

तोच आवाज. बटणांचे नंबर संपल्यावरचा.

उचलणार कोण, असं विचारल्यावर ते तिघं वर का बघत होते हे तेव्हा मला कळलं. आयुष्यभर ते ज्या शेडमध्ये काम करत आले, तिथे डोक्यावर क्रेन होती. वस्तू कितीही मोठी असो, ती बनवणं यांचं काम. झाली की वरून क्रेनचा लोखंडी आकडा यायचा आणि ती उचलून न्यायचा. उचलणं हा या लोकांच्या दृष्टीने वरून होणारा प्रकार होता.

पण त्याने एक वस्तू क्रेनशिवाय बनवली होती, हे मला आठवलं. ती मागच्या व्हरांड्यात होती आणि तिच्यावर माझे सांडगे वाळत होते.

नवीन लग्न होऊन मी पिपलानीला आले तेव्हा टाउनशिपमधल्या सगळ्या घरांत एकाच जातीचं फर्निचर असायचं. कारखान्यात यंत्रं मोठाल्या खोक्यांतून यायची आणि खोक्यांच्या फळ्या नंतर विकल्या जायच्या. त्या हलक्या, पांढुरक्या लाकडातून लोक दिवाण, कपाटं, मुलांची टेबलं करून घ्यायचे. कुठल्याही घरी जा, खुर्चीच्या पाठीवर खोक्यावरची खूण, काळ्या शाईतली छत्री असायची, नाही तर कपाटावर काचेचा पेला आणि वरची बाजू दाखवणारा बाण. आमचा पलंग नवऱ्याने स्वतः केला. सगळा नट-बोल्टचा, कारण क्वार्टर बदलत राहायचं. त्या वेळी त्याच्या हाताशी क्रेन नव्हती. दुसरं टोक धरायला मी होते, आणि माझे हात पुस्तकं उचलणारे. म्हणून त्याने प्रत्येक तुकडा माझ्या ताकदीच्या बेताने केला. तीन क्वार्टर बदलली, प्रत्येक वेळी पलंग सुटा होऊन गेला आणि रात्री झोपायच्या आत पुन्हा उभा राहिला. सोनागिरीला आल्यावर तो व्हरांड्यात गेला आणि मुलीने पेटीवाला नवा पलंग घेऊन दिला. तो हलवायचा झाला तर घर पाडावं लागेल.

मी सांडगे उचलले. पाना कुठल्या कप्प्यात आहे हे शोधावं लागलं नाही, कप्प्याला नंबर होता. पलंगाच्या पायाशी स्टूल घेऊन बसले आणि एका बोल्टला पाना लावला.

“अहो,” मी हाक मारली, “हा बोल्ट गंजलाय बहुतेक. जरा बघता का?”

त्याला यायला वेळ लागला. आला, उभा राहून बघितलं.

“गंजला नाही. उलटा फिरवतेस तू.”

मी उलटाच फिरवत होते, ते मला माहीत होतं. मी पाना त्याच्या हातात दिला आणि उठले. त्याने एक बोल्ट काढला, मग दुसरा, मग सवयीने पुढचे. बाजूची लांब फळी सुटली तेव्हा ती त्याने एका हाताने उचलली आणि तशीच धरून राहिला. फळीकडे पाहिलं, मग अंगणातल्या ट्रेलरकडे. वर पाहिलं नाही.

“ही आत गादीवर आडवी मावेल,” तो म्हणाला.

“मावेल?”

“चाकांच्या बरोबर वर येईल. वजन मागे जाणारच नाही.” तो फळी भिंतीला लावून पुढच्या बोल्टकडे वळला. “तू हे धर जरा. नको, तू धरू नकोस. तू फक्त सांग, उभी राहिलीस की ओटा कुठवर पाहिजे.”

मी कमरेपाशी हात धरून दाखवला.

नवी खोली आता अशी आहे. प्रवासात ती सुटी, ट्रेलरच्या आत आडवी पडलेली असते. मुक्कामाला पोचलं की नवरा मागचं झाकण उघडतो, पलंगाचे चार पाय नव्या जोडखांबांवर चढवून उभे करतो, लांब फळ्या वरून टाकतो. त्यांच्यावर ताडपत्री. गादीखालच्या पट्ट्यांची जमीन होते, आणि उशाकडची उंच बाजू आडवी बसवली की शेगडीचा ओटा. काळ्या शाईतली छत्री माझ्या डाव्या हाताला येते, आणि वरची बाजू दाखवणारा बाण जमिनीकडे. आत झोपायला दाराशी बसायचं आणि पाय वळवायचे. बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही. शेजाऱ्यांनी मदत करायला येऊ का विचारलं होतं. नवऱ्याने त्यांना बोलावून फक्त एकच काम दिलं, जोडणी करताना घड्याळ धरायचं. “चहा होईपर्यंत झालं पाहिजे,” तो म्हणाला. “वहिनींचा चहा का तुझा?” शेजाऱ्यांनी विचारलं.

सागवानी खोली साहेबांनी मागून घेतली आणि कॉलनीच्या बागेत तिचा मंच केला. न्यायला क्रेन बोलवावी लागली. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला साहेब आता तिथून बोलतात. मंच हलत नाही.

आम्ही पहिल्यांदा तवा धरणाच्या पाण्याकाठी गेलो ते दिवाळी संपता संपता. बुदनीचा घाट गाडीने कुरकुर न करता चढला आणि उतरला. सकाळी मी ओट्याशी सरळ उभी होते, आलं किसून झालं होतं, दूध शेगडीवर होतं. तेवढ्यात फोन वाजला. कोटऱ्याचा व्हिडिओवाला मुलगा.

“आंटीजी, दिवाली तो हो गई. तो फिर बेच रहे हैं ना?”

“तुम्हारी हाइट कितनी है, बेटा?”

“छह फुट. क्यों?”

“तो तुम्हारे काम का नहीं है. सिर लगेगा.”

तो काहीतरी म्हणत होता की सिर तो झुका लेंगे. मी म्हटलं, झुकना ही तो नहीं है, आणि फोन ठेवला. नवरा बाहेर एक बोल्ट आवळत होता. तो आधीच आवळलेला होता.

“कोण होतं?” त्याने विचारलं.

“गिऱ्हाईक. उंच आहे फार.”

त्याने मान डोलावली, पाना खिशात टाकला आणि धुऊन ठेवलेले दोन कप माझ्या हाताशी, माझ्या उंचीवर, आणून ठेवले.