खांबाचा आवाज

एस्तेरचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कामासाठी कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्नाबीत होते. सकाळचे नऊ वाजले होते, समोर अर्धवट खाल्लेला टोस्ट होता. हॅलिफॅक्समध्ये तेव्हा दुपार झालेली असते. "मंजिरीताई, पप्पा गेले," ती म्हणाली. "सकाळी मॅच बघता बघता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये. मी खाली गेले तर टीव्ही चालूच होता..." मला पहिल्यांदा काय सुचावं? मी विचारलं, मॅच कोण जिंकलं. एस्तेरने मनावर घेतलं नाही. ती नर्स आहे, माणसं अशा वेळी काय वाटेल ते बोलतात हे तिला ठाऊक. मग ती सहज बोलून गेली, "चहा त्यांनी एकट्यापुरताच केला होता." तिला त्यात काही सुचवायचं नव्हतं. मला मात्र ते बरोबर लागायचं तिथे लागलं, कारण दर शुक्रवारचा तिथला दुसरा कप माझा असायचा आणि सप्टेंबरपासून मी त्या घराची पायरी चढले नव्हते. दफन रविवारी होतं. मी शनिवारीच निघाले, पण हॅलिफॅक्सला धुकं होतं आणि माझं विमान टोरांटोहून सुटलंच नाही. धुक्याची सबब मी एकदा खोटी सांगितली होती. या वेळी ती खरी निघाली आणि मला टोरांटोच्या विमानतळावर बसवून ठेवून गेली.

एस्तेरचे पप्पा, रूबेन नागावकर, हे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. तरुणपण भायखळ्यात गेलं, नंतरची वीस वर्षं मेलबर्नला ट्रामच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून. बायको गेल्यावर लेकीकडे हॅलिफॅक्सला आले. माझी त्यांची ओळख ग्रोसरीच्या दुकानात झाली. मी फोनवर आईशी नागपुरी थाटात भांडत होते आणि मागून आवाज आला, "अगं, वांगी ठेव ती. आतून काळी आहेत." मी वळून पाहिलं तर डोक्यावर किप्पा, ती ज्यूंची छोटी गोल टोपी, गळ्यात करडा-पिवळा मफलर आणि हातात कोथिंबिरीची जुडी. त्या दिवसापासून ते माझे काका झाले. मफलर कुठल्या टीमचा म्हणून विचारलं आणि पुढची चाळीस मिनिटं पार्किंग लॉटमध्ये उभं राहून ऑस्ट्रेलियन फुटबॉल ऐकला. लंबगोल चेंडू, हातापायांनी दोन्हींनी खेळायचा, मैदान क्रिकेटचं. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. आणि जाताना खांबाला नुसता घासून जरी गेला, तरी फक्त एक गुण. हे शेवटचं वाक्य तेव्हा मी एका कानाने ऐकलं होतं.

हॅलिफॅक्समध्ये असा एक चिमुकला क्लब होता, फॉगहॉर्न्स. बंदरात धुक्यात जो भोंगा वाजतो त्याच्यावरून नाव. चार ऑस्ट्रेलियन आणि बाकी हाताला लागेल तो. काकांनी माझ्या इराला तिथे नेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि थंडीने कुरकुरत होती. दोन वर्षांत ती घरात चालताना काहीही लाथेने उडवायला लागली आणि मी, जिला कबड्डीपलीकडे खेळ माहीत नव्हता, ती क्लबची सेक्रेटरी झाले. कारण काकांचं मत असं की ज्याला खेळ कळत नाही त्यालाच सेक्रेटरी करावं, निदान तो कोचला अक्कल शिकवत नाही. मतं तर त्यांना इतकी होती की विचारू नका. सीझनच्या मध्यात कोचला काढायचं नाही, सून काय वाईट स्वयंपाक करते म्हणून दिवाळीच्या आदल्या दिवशी माहेरी धाडतात का? मेंबरशिप हरलेल्या वर्षी आधी घ्यायची, जिंकलेल्या वर्षी घेणारे ते वऱ्हाडी. कमिटीवर यायचं त्याने आधी एक सीझन हाफटाइमची संत्री कापावीत, मग तोंड उघडावं. आणि शेवटचा सायरन वाजेपर्यंत कोणी जागेवरून हलायचं नाही, मग टीम शंभरने मागे का असेना. मेलबर्नच्या त्यांच्या मोठ्या क्लबच्या संचालकांना ते दर आठवड्याला ईमेल पाठवायचे. तिथून दर वेळी तेच ठरावीक आभाराचं उत्तर यायचं. "वाचतात गं ते," काका म्हणायचे. "लाजतात, म्हणून नीट लिहीत नाहीत."

मेलबर्नची शुक्रवार संध्याकाळची मॅच म्हणजे आमची शुक्रवार सकाळ. ऑफिसच्या आधी मी त्यांच्या बेसमेंटमध्ये जायचे. नारळ घातलेले पोहे, आल्याचा चहा आणि टीव्हीसमोर दोन खुर्च्या. टीम हरायला लागली की ते टीव्हीला मराठीत झापायचे आणि जिंकायला लागली की गप्प व्हायचे, दृष्ट लागेल म्हणून. माझ्या नोकरीचं, घटस्फोटाचं, इराच्या मार्कांचं सगळं त्या क्वार्टरांच्या मधल्या वेळात बोलून झालंय.

आमच्या मॅचना काका गोल अंपायर असत. दोन्ही क्लबांनी एकेक माणूस द्यायचा, तो एका टोकाच्या खांबांमध्ये उभा राहणार. पांढरा लांब कोट, हातात दोन पांढरी निशाणं. गोल झाला तर दोन्ही फडकवायची, एक गुण असेल तर एकच. हे काम कोणालाच नको असतं, कारण शिव्या दोन्हीकडून. काकांनी ते आवडीने घेतलं. दर मे महिन्यात ते खांब स्वतः रंगवायचे, पोकळ लोखंडी पाइपच होते ते, आणि प्रत्येक मॅचच्या आधी चारही खांबांवर बोटांची पेरं वाजवून कान लावायचे. मेलबर्नच्या एका म्हाताऱ्या अंपायरकडून घेतलेली सवय. "आधी आवाज ऐकून ठेवायचा," ते म्हणायचे. "म्हणजे नंतर मनाची फसवणूक होत नाही. माणूस डोळ्यांनी हवं ते बघतो, कान तेवढे बेइमान नसतात."

मागच्या वर्षी बंदराच्या पलीकडचा क्लब आणि आम्ही, दोघांचेही खेळाडू आटले. दोन क्लब मिळून एक करायचा असं ठरत आलं. प्रश्न एकच, नाव कोणाचं आणि रंग कोणाचे. तीन मीटिंगा त्यावर झाल्या. चौथ्या मीटिंगला काका उठले आणि म्हणाले, मुलींच्या फायनलला आपण दोघेच आहोत, जो जिंकेल त्याचं नाव राहील. आमच्या मुली त्या वर्षी एकही मॅच हरल्या नव्हत्या. पलीकडचे हो म्हणाले. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. फायनलच्या दिवशी गाडीत ते मला हळूच म्हणाले, "एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोललोय. नाव राहू दे, सगळ्या टीमला घरी बोलावून मलिदा खाऊ घालीन." शनिवार होता, त्यांचा शब्बाथचा वार. देवाच्या दिवशी मॅचला कसे येता म्हणून मी नेहमीसारखं चिडवलं. ते नेहमीसारखे हसले नाहीत.

सप्टेंबरचा दिवस, समुद्राकडून धुकं आत येत होतं, पण मैदान दिसत होतं. मी खांबांमागे चेंडू अडवायला उभी होते, कारण मागे उतार आहे आणि चेंडू झुडपात जातो. मॅचच्या आधी काकांनी खांब वाजवले आणि मला जवळ बोलावलं. "मंजिरी, तूही ऐकून ठेव." मी ऐकला. टण्ण, आणि मागे थोडी थरथर. शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही चार गुणांनी मागे होतो. चेंडू इराकडे आला. एकोणीस वर्षांची माझी पोर, गुडघ्याला चिखल, तिने डोकं खाली घातलं आणि लाथ मारली. चेंडू आमच्या दिशेने येताना मला दिसत होता. तो आत आला, दोन्ही मधल्या खांबांच्या आतून, आणि डाव्या खांबापाशी किंचित हलला.

टण्ण.

अगदी बारीक. पंधरा पावलांवर मी उभी होते. चेंडू माझ्या पायाशी आला, मैदानात मुली उड्या मारत होत्या, ग्रेगने, आमच्या प्रेसिडेंटने, टोपी हवेत फेकली होती. काका जागेवर उभे होते. त्यांनी एक बोट वर केलं, मग एकच निशाण उचललं आणि फडकवलं. सायरन झाला. आम्ही तीन गुणांनी हरलो होतो आणि फॉगहॉर्न्स हे नाव संपलं होतं.

त्यानंतर जे झालं ते लिहायलाच मी बसले आहे, बाकीचं सगळं त्याच्याआधीचं टाळणं होतं. माणसं काकांभोवती जमली. कोण म्हणालं तुम्ही कोणाच्या बाजूचे, कोण म्हणालं वय झालं. काका एवढंच म्हणाले, "इट हिट द पोस्ट, मेट. हे पाइप मी रंगवलेत, मला त्यांचा आवाज कळतो." मग ग्रेग माझ्याकडे वळला. "मंजिरी, यू वर राइट बिहाइंड इट. डिड यू हिअर एनिथिंग?" काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काळजी नव्हती, विनवणी तर नव्हतीच. ते निर्धास्त होते. त्यांना खात्री होती. माझ्यामागे इरा रडत उभी होती. मी म्हटलं, "बंदरातला भोंगा वाजत होता ग्रेग. मला काही ऐकू आलं नाही."

भोंगा वाजत नव्हता. काकांनी निशाणं एकमेकांवर ठेवून गुंडाळली आणि मराठीत म्हणाले, "बरं." एवढंच. गाडीत ते बसले नाहीत, बसने गेले. मी त्यांना जाऊ दिलं. घरी येऊन मी स्वतःला पटवलं की निकाल तसाही बदलला नसता, मी काही त्यांच्याविरुद्ध बोलले नव्हते, फक्त ऐकू आलं नाही म्हटलं होतं... मूग गिळून बसणाऱ्याकडे युक्तिवादाला तोटा नसतो. क्लबात मात्र 'म्हाताऱ्याला भास झाला' हे ठरून गेलं, कारण पाठीमागे उभ्या असलेल्या बाईलाच काही ऐकू आलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर आवाज ऐकून ठेवला, त्याला मी बहिरा ठरवलं. हिवाळाभर त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण उपसतंय हेही मी विचारलं नाही. मार्चमध्ये त्यांचा मेसेज आला: 'शुक्रवारी पहिली मॅच. पोहे आहेत. यायचं तर ये.' मी अंगठा पाठवला. गेले नाही. त्यांच्या बेसमेंटमध्ये त्या खुर्चीत बसून खोटं आणखी एकदा गिळायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं बोलायची त्याहून नव्हती. पुढच्या शुक्रवारी जाईन, असं मी सहा शुक्रवार म्हणत राहिले.

त्यांच्यात माणूस गेल्यावर सात दिवस घरचे लोक शोकात बसून असतात आणि बाकीचे भेटायला येतात. मी सोमवारी पोचले, इरा बरोबर होती. एस्तेर बुटक्या स्टुलावर बसली होती. तिने एका बाईला खूण केली, ती आत जाऊन काकांचा अंपायरचा कोट घेऊन आली आणि ती पांढरी घडी माझ्या मांडीवर आली, वर दोन निशाणं. "पप्पा म्हणायचे, हे काम पुढे मंजिरी करील. तिचा कान चांगला आहे." हिवाळ्यातसुद्धा म्हणायचे का, असं मी विचारलं. "परवापरवापर्यंत," एस्तेर म्हणाली. मला तिथेच रडू फुटलं आणि सगळ्यांना वाटलं की मी दुःखाने रडते आहे. मी लाजेने रडत होते.

परतताना गाडीत इरा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, आय न्यू. आय सॉ इट मूव्ह." मी गाडी कडेला घेतली. मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललीस? ती माझ्याकडे वळली. "आय वॉज वेटिंग फॉर यू. तू बोलशील असं वाटलं. म्हणजे मला बोलावं लागलं नसतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि ती असती तर बरं झालं असतं. खोटं बोलून मी तिचं रडू पुसतेय असं मला तेव्हा वाटलं होतं. प्रत्यक्षात मी तिलाही त्यात ओढलं होतं.

नव्या क्लबची पहिली मॅच मागच्या शनिवारी झाली. नाव पलीकडच्यांचं, जर्सी निळी. मॅचच्या आधी मिनिटभर शांत उभं राहायचं होतं आणि ग्रेगने मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी खरोखर दोनच बोलले, "आय हर्ड." मग सगळं सांगितलं, भोंगा वाजत नव्हता हेही. कोणी माझ्याकडे बघेना. ग्रेग बुटाच्या टोकाने गवत उकरत राहिला. इरा येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही सांगितलं. माफ कोण करणार? ज्याने करायचं तो गेला, आणि मी अंगठा पाठवून बसले.

मग मी कोट चढवला. बाह्या लांब होतात, दुमडाव्या लागतात, खिशात जुन्या खोकल्याच्या गोळ्या आहेत, त्या मी काढलेल्या नाहीत. खांबांकडे गेले. या वर्षी ते कोणी रंगवलेले नाहीत, खालून गंज दिसतो. मैदानातून अंपायरने हात वर करून मी तयार आहे का म्हणून विचारलं. मी त्याला थांबायची खूण केली आणि डाव्या खांबावर पेरं वाजवून कान लावला.

हाच होता, काका. ऐकला होता मी.