मशीन कोणी थांबवलं?

मला नम्र माणसांचा राग येतो. हे ऐकून कोणी म्हणेल, हदासाबाईंचं वय झालंय, चिडचिड होणारच. तसं काही नाही, मी तिशीतही अशीच होते. लीड्सच्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून सगळी नोकरी गेली माझी. कुठलं औषध कोणी दिलं, किती दिलं आणि का दिलं, हे तिथे मान वर करून सांगावं लागतं.

इरावती मला मार्केटात भेटली. फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अगं, इथली कोथिंबीर म्हणजे नुसता पाला, वास म्हणून नाही." आम्ही बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. पण नवरा गेला, मुलगा अरी लंडनला, आणि त्याचं मराठी 'मम्मी, तू जेवला का' एवढंच. त्यामुळे कानावर मराठी पडल्याबरोबर मी मध्ये तोंड घातलं, "त्या कोपऱ्यावरच्या माणसाकडची घे, तिला वास आहे." तेव्हापासून मी तिची हदासामावशी झाले.

ही इरावती मूळची सांगलीची आणि भूगर्भशास्त्रज्ञ. घर, शाळा, रस्ता काहीही बांधायच्या आधी जमिनीखाली काय आहे ते शोधायचं, हे तिचं काम. आमच्या या यॉर्कशरमध्ये ते सोपं नाही. पूर्वी लोकांनी कोळशासाठी जमीन जागोजाग पोखरली, आणि कुठे पोखरली ते धड सांगून गेले नाहीत. मोठाले बूट आणि हेल्मेट घालून ही एवढीशी बाई ड्रिलिंगच्या मशीनशेजारी चिखलात उभी राहते आणि वर आलेल्या दगडाच्या कांड्या पेटीत लावून बघते. पण त्यांच्या कंपनीत रिपोर्टवर शेवटची सही चार्टर्ड, म्हणजे संस्थेची मान्यता मिळालेल्या, जिऑलॉजिस्टचीच लागते. म्हणून राबायचं हिने आणि सही साहेबांची. साहेब हिच्याहून लहान, सगळं ऑफिस त्याला नावाने हाक मारतं, ही मात्र माझ्याशी बोलताना 'आमचे साहेब'.

चार्टर्ड व्हायला पेपर नसतो. स्वतः केलेल्या कामाचा रिपोर्ट पाठवायचा, मग दोन जुनेजाणते जिऑलॉजिस्ट समोर बसवून तासतात. पहिल्या खेपेला इरावती तिथेच नापास झाली. कारण काय, तर स्वतः निर्णय घेते असं दिसलं नाही. मला सांगताना ती हसली, पण डोळे भरलेले होते. पुढच्या खेपेलाही झालं नाही तर आपण परत अर्ज करणार नाही, असं तिने नवऱ्याला, स्वानंदला, सांगून टाकलं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली राहायचं.

"नक्की काय विचारलं त्यांनी?" मी म्हटलं.

मग तिने त्या शाळेची हकिगत सांगितली. नव्या शाळेच्या जागेवर ड्रिलिंग चाललं होतं. मशीनमध्ये सोडलेलं पाणी गढूळ होऊन वर येत असतं, ते एकाएकी यायचं बंद झालं. म्हणजे खाली कुठेतरी पोकळी होती आणि पाणी तिथे जात होतं. हिने काम थांबवलं, आणखी चार ठिकाणी भोकं पाडायला लावली, आणि खाली कोणाला ठाऊक नसलेली जुनी खाण निघाली. शाळेची इमारत नकाशावर बाजूला सरकवावी लागली.

"मग त्यांनी विचारलं, काम थांबवायचं कोणी ठरवलं?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमच्या साहेबांनी."

"साहेब तिथे होते?"

"नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर हो म्हटलं."

माझं डोकंच फिरलं. "अगं, मग मशीन काय फोनवरून थांबवलं त्यांनी?"

"असं मी मी करायची सवय नाही हो मावशी. आमच्याकडे मोठ्यांना पुढे करतात."

आमच्याकडेही तेच. लहानपणी पाहुण्यांनी लाडूंचं कौतुक केलं की मी आईकडे बोट दाखवायचे, मग वळलेले का असेनात मी. पण वॉर्डात असं केलं असतं तर घरी बसवलं असतं मला. मी ठरवलं, हिची तयारी मी करून घेणार. दगडातलं मला ओ की ठो कळत नाही, पण नर्सिंगच्या पोरींच्या तोंडी परीक्षा घेऊन त्यांना रडवण्याचा अनुभव दांडगा होता. आणि ही पास झाली तर एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताच्या, नावाने मलिदा करीन, असं मी मनातल्या मनात बोलूनही टाकलं.

दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात आमची परीक्षा चालायची. मी टेबलाच्या पलीकडे, चष्मा नाकावर. खडक, माती, पाणी, सगळ्याची उत्तरं ती घडाघडा द्यायची. मग मी विचारायचे, "मशीन कोणी थांबवलं?" की झालं. "तसं टीमने... म्हणजे साहेबांशी बोलून..." पुन्हा विचारलं की पुन्हा तेच.

एका रविवारी माझा संयम सुटला. "तुझ्या तोंडून 'मी' निघत का नाही ते सांग. खरं सांग."

ती चहाच्या कपाशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "मी म्हटलं की ती शाळा माझ्या अंगावर येते, मावशी. उद्या कुठे जमीन खचली तर? साहेबांनी ठरवलं म्हटलं की रात्री झोप लागते."

"म्हणजे हा नम्रपणा नाही," मी म्हटलं, "ही पळवाट आहे."

बोलले आणि लगेच वाटलं, जास्त बोललो आपण. ती चहा अर्धा टाकून उठली, बूट घातले आणि गेली. पुढचे रविवार आलीच नाही. मला फार वाईट वाटलं, पण फोन केला नाही. शब्द परत घ्यायचा तर तो खोटा असायला हवा.

इंटरव्ह्यू लंडनला होता. त्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. स्टेशनवरून थेट माझ्याकडे आली होती, चेहरा पार उतरलेला.

"मशीन मी थांबवलं, हे सांगितलं मावशी. अगदी पहिल्या फटक्यात."

"मग?"

"मग एकाने नकाशावर बोट ठेवलं. म्हणाला, इमारत सरकवलीत ते ठीक, पण मुलांच्या मैदानाखाली एकही भोक नाही. ते कोणी ठरवलं?"

या प्रश्नाची तयारी मी करून घेतली नव्हती.

"त्या रिपोर्टवर साहेबांची सही आहे. त्यांचं नाव घेतलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण मैदान सोडायचं मी ठरवलं होतं. वर इमारत नाही, तर चालेल म्हटलं. मी सांगितलं, मी ठरवलं, आणि चुकलं माझं. शाळा अजून उघडलेली नाही, तिथे भोक घ्यायला लावते." तिने नाक पुसलं. "ट्रेनमधूनच ऑफिसला कळवलं. आता काही पास करत नाहीत मला."

मी उठून तिला जवळ घेतलं. वॉर्डात मी कधी कोणाला जवळ घेतलं नाही.

मैदानाखाली भोक घेतलं, तर कोळसा जागच्या जागी निघाला, पोकळी नव्हती. आणि काही आठवड्यांनी निकाल आला. इरावती पास होती.

बोलल्याप्रमाणे मी मलिदा केला. म्हणजे पोहे, गूळ, खोबरं, वेलची, सुकामेवा, वर पाच फळं. मदतीला इरावती होती. लंडनहून अरी आणि त्याची बायको क्लोई आली, स्वानंदही होता. प्रार्थना झाली, फळं वाटली, मलिद्याच्या ताटल्या फिरल्या. अरीने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मम्मी, पोहेचा लगदा झाला. कोणी भिजवला?"

पाहुण्यांसमोर पोरीचं हसं नको, म्हणून 'मी' म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.

"मी," इरावती म्हणाली, आणि त्याच्या ताटलीत आणखी एक चमचा वाढला.