मोंढ्यामागच्या मैदानावरची डबल बेल

तेहतीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आलो. "पुढं सरका, पुढं रिकामं हाय." अहमदपूर डेपोचा कंडक्टर मी. नांदेडची गाडी असो, लातूरची असो, नाहीतर जळकोटची दुपारची फेरी असो, वाक्य तेच. पुढं कधीच रिकामं नसायचं, पण लोक सरकायचे, कारण माझा आवाजच तसा आहे. रिटायर झालो त्या दिवशी बायको म्हणाली, "आता घरात तरी आमाला सरकवू नका." मी मनावर घेतलं. पण जीभ काही रिटायर झाली नाही, आणि त्याच जिभेनं आमच्या गावचा फुटबॉल क्लब जवळजवळ बुडवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी छाती फुगवली की कुणी टोकायला नको.

क्लब काढला आमच्या गल्लीतल्या सरांनी. शाळेत खेळ शिकवतात, बोलायला मवाळ, पण धरलं ते सोडत नाहीत. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे मोबाईलवर बघायची गोष्ट. खेळायची ती कुस्ती नाहीतर कबड्डी. तरी सरांनी पोरं जमवली. कुणी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या हमालाचा, कुणी कॉलेजातला, दोघं जळकोटहून गाडीनं ये-जा करणारे. गोलकीपर एक उंच गडी, फरशी बसवायचं काम करायचा, बाप जवळच्या खेड्यात शेती करतो. मला काका म्हणायचा. त्याचे हात मी पहिल्यांदा बघितले तेव्हा म्हणालो, "बाबा, ह्या हातातून लिंबूसुद्धा सुटायचं न्हाई."

लीगमधला पहिला सामना आमच्याच मैदानावर होता, मोंढ्याच्या मागं. समोर नांदेडचा संघ. सरांना वाटलं होतं, पाच-पन्नास माणसं आली तरी लई झालं. अहो, गाव लोटलं! आमच्या बौद्धवाड्यातलं जयंतीचं ढोलपथक निळे शर्ट घालून हजर. खेड्यांतली शेतकरी मंडळी ट्रॅक्टर भरून आली, आणि ढोलवाल्यांना पाणी त्यांच्याच कॅनमधून चाललेलं. असं एका बांधाला बसलेलं गाव मी इलेक्शनलासुद्धा बघितलं नव्हतं. खरं सांगतो, डोळे भरून आले. निम्म्या लोकांना नियम ठाऊक नव्हते आणि सगळेच्या सगळे पंचाला शिकवत होते, ती गोष्ट वेगळी.

आमचा एक गोल झाला. शेवटची दहा मिनिटं राहिली होती. तेवढ्यात नांदेडला पेनल्टी मिळाली, म्हणजे त्यांचा एक खेळाडू, आमचा गोलकीपर आणि मधी कुणी नाही. मारला त्यानं. आमच्या गड्यानं डावीकडं उडी घेतली अन् अडवला की हो!

आता आमच्या जत्रेतली रीत अशी की पैलवानानं समोरच्याला चितपट केलं की लोक आखाड्यात घुसतात, त्याला खांद्यावर घेतात, फेटा बांधतात. बसून नुसत्या टाळ्या वाजवल्या तर तो पैलवानाचा अपमान. माझ्या पिशवीत फेटा तयारच होता, मी जन्मभर जत्रा केलेल्या. अडवला म्हणजे मला वाटलं झालं, कुस्ती संपली. मी चुन्याच्या फक्कीची रेघ ओलांडून आत पळालो. तेवढ्यावर भागलं असतं. पण मागं गर्दी रेघेवर तुंबलेली दिसली, आणि तोंडातून तेहतीस वर्षांची सवय बाहेर पडली. "अरे पुढं सरका! पुढं रिकामंच हाय!"

सरकलं की गाव. ढोलासकट.

चेंडू अजून खेळातच होता. गोलकीपरच्या हाताला लागून तो बाजूला गेला होता आणि त्याच्यामागं पळणारी पोरं गर्दीत दिसेनाशी झाली. पंचानं शिट्टी वाजवून वाजवून शेवटी सामनाच बंद केला. मी तोवर गोलकीपरच्या डोक्याला दोन वेढे घातले होते. त्यानं ते काढले, फेटा माझ्या हातात दिला आणि निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आठ दिवसांत लीगचं पत्र आलं. सामना नांदेडला बहाल. आणि प्रेक्षक पुन्हा एकदा जरी मैदानात शिरले, तर क्लबची नोंदणी रद्द. जळकोटच्या पोरांनी गाडीचे धक्के खाऊन केलेला सराव, सरांची दोन वर्षांची पायपीट, त्या गड्यानं अडवलेला तो चेंडू, सगळं माझ्या एका आरोळीवर टांगलेलं. त्या आठवड्यात मी स्टँडवर चहा प्यायला गेलो नाही. बायकोनं फेटा धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला. म्हणाली, "तोंड लपवून काय हुतंय? जावा, सरास्नी इचारा."

गेलो. म्हणालो, "सर, मला मैदानावर येऊ देऊ नका."

"असं कसं काका? तुम्हीच बिघडवलं, तुम्हीच निस्तरा. पुढच्या सामन्याला गर्दी तुमच्याकडं."

मी विचार केला. आमच्या माणसांना रेघ कळत नाही, पत्रं कळत नाहीत, पोलीस आणला तर उलट चेव येतो. पण एस.टी. सगळ्यांना कळते. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. शिट्टी वापरता येत नव्हती, पंचाची अन् आमची गल्लत झाली असती. म्हणून मी खेडी फिरलो. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालतात त्या घुंगरमाळा मागत. ट्रॅक्टर आल्यापासून त्या खुंटीलाच लटकलेल्या. लोकांनी पुसून पुसून दिल्या. एकानं तर मोठी पितळी घंटा दिली, मेलेल्या बैलाची आठवण म्हणून ठेवलेली. "जपून वापरा साहेब," म्हणाला.

मैदानाच्या चहूबाजूंनी बांबू रोवून, रेघेच्या दोन हात मागं दोर ओढला आणि त्याला घुंगरमाळा बांधल्या. जो दोराला रेलेल त्याची घुंगरं वाजणार, अन् सगळं गाव त्याच्याकडं वळून बघणार. मोठी घंटा माझ्यापाशी, बांबूला टांगून दोरी लावलेली. बायको बघायला आली आन् म्हणाली, "गाव दावणीला बांधून राहिले व्हय?" मी म्हटलं, "हाव. पयला बैल मीच."

लातूरचा संघ आला त्या दिवशी लीगचा एक माणूसही वही घेऊन आला. मैदानाकडं कमी आणि आमच्याकडंच जास्त बघत होता. गर्दी मागच्यापेक्षा वाढलेली. मला वाटलं होतं कमी होईल, पण गाव रुसत नाही, चिडतं. लातूरनं पहिल्या अर्ध्यातच गोल केला. आमच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. कुठं घुंगरू वाजलं की चारी बाजूंनी ओरडा, "ए, माघं हो!" मला बोलायची गरजच पडत नव्हती.

आणि मग, सामना संपत आलेला, जळकोटच्या एकानं तिरका शॉट मारला. गोल! एक-एक!

त्या क्षणी चारी बाजूंचा दोर एकदम वाजला. सगळी घुंगरं, सगळी. लोकांचे पाय उचललेले मी डोळ्यांनी बघितले. माझ्या स्वतःच्या तोंडात 'पुढं' आलेलं. देवाशप्पथ सांगतो, दात आवळून ते आत ढकललं आणि घंटेची दोरी ओढली. एकदा. ठण्ण!

थांबलं गाव. जागच्या जागी. एका म्हाताऱ्याचा एक पाय दोरावर तसाच राहिला होता, तो त्यानं हळूच खाली घेतला. ढोल मात्र वाजत होता. ढोलाला कुणी अडवलं नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला लातूरचा एक उंच चेंडू गोलाकडं आला. आमच्या गड्यानं उडी मारून दोन्ही मुठींनी तो बाहेर धाडला. घुंगरं थरथरली, पण माणूस हलला नाही. आणि पंचाची लांब शिट्टी झाली. बरोबरी.

वहीवाला माणूस माझ्याजवळ आला. वही मिटली होती. म्हणाला, "आमच्या नांदेडला पण एवढी माणसं नसतात हो." मग मैदानाकडं हात करून म्हणाला, "संपला सामना. आता आत जाऊ द्या त्यांना."

मी वळून बघितलं. कुणीच निघालं नव्हतं. फेटे, निळे शर्ट, कडेवरची लेकरं, सगळी दोराच्या मागं उभी आणि माझ्याकडं बघून राहिलेली. कुणीतरी ओरडलं, "कंडक्टरसाहेब, डबल बेल द्या की!"

तेहतीस वर्षांत लाखदा दिली असेल. त्या दिवशी हात उचलेना. सर लांबून हसून राहिलेले. दिली एकदाची. ठण्, ठण्.

दोर खाली पडला आणि गाव आत गेलं. मी थांबलो. कंडक्टर शेवटीच चढतो, सगळे चढल्यावर. मग पिशवीतला इस्त्रीचा फेटा काढला आणि गोलापाशी गेलो. लोकांनी उचललेला तो गडी मला बघून खांद्यावरून खाली उतरला. दोन महिन्यांत त्यानं माझ्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं. आता त्यानं ती माझ्यासमोर वाकवली आणि म्हणाला, "घट्ट बांधा काका. पुढल्या येळंला सुटाया नको."