अर्धा राहिलेला जपानी पिक्चर

कॉलेजात असल्यापासून मी एक मांगा वाचत आलेय. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती मागून पुढे वाचतात, म्हणून आई म्हणायची ‘तुझी उलटी पुस्तकं’. त्याच कथेवर खरी माणसं घेऊन पिक्चर काढला, तेव्हा मी आईला ओढत दादरला नेलं. थेटरात आम्हाला धरून सात-आठ टाळकी. नायकाच्या डोक्यावर फॅन्सी ड्रेसमधला वाटावा असा निळा टोप, नि राक्षस तर कॉम्प्युटरवर अर्धवट रंगवून सोडलेला. जगभरातून त्या पिक्चरला शिव्या पडल्या, त्यातल्या दोन-चार माझ्याही होत्या.

खालची इंग्रजी अक्षरं आईला वाचता येत नाहीत. मी एकेक ओळ तिच्या कानात मालवणीत सांगत होते. हरवलेल्या भावाला शोधायला एक पोरगा घर सोडून निघतो, अशी गोष्ट. इंटरव्हलला माझं डोकं सणकलं. ‘ऊठ, घरी चल,’ म्हटलं. उठली, पण लालबाग येईपर्यंत तोंड फुगवून होती.

‘केस खोटे आसत, पण रडता खरा,’ म्हणाली. ‘त्याका भाव गावलो काय?’

मग आमच्या चाळीचा टॉवर तयार झाला नि आम्ही दोघी एकविसाव्या मजल्यावर गेलो. वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. दार लावून बसायचं म्हणजे तिचा जीव घुसमटायचा. चार दिवस गावाला जाऊन येते म्हणाली, ती तिकडेच रमली. दर फोनला मी विचारायचे, कधी येतेस? आणि दर फोनला ती पावसाचं, नाहीतर आंब्याचं काहीतरी सांगायची.

तेवढ्यात त्या पिक्चरची डीव्हीडी निघाली. आपटलेल्या पिक्चरची डीव्हीडी कोण घेतो? मी घेतली, बाहेरून मागवून. खरं सांगायचं तर आईला परत आणायला आमिष म्हणून.

‘आई, राहिलेला अर्धा घरी आलाय. ये.’

‘तूच बघ नि माका सांग.’

रविवारी दुपारी जुना प्लेयर जोडला, आवाज वाढवला नि दार सताड उघडं टाकलं. चाळीत टीव्ही लागला की दार उघडं, कुणाला हाक मारायची गरज नसायची. येईल तो उंबऱ्यात बसायचा. हाताची सवय, दुसरं काय. लिफ्टमधून शेजारच्या काकू बाहेर आल्या. चाळीत असताना सगळ्या मालिका आमच्या उंबऱ्यात बसून बघितलेली बाई.

‘लॅच बिघडलं का गं?’ त्यांनी विचारलं. ‘वॉचमनला पाठवू वर?’

‘नको, हवा येऊ दे म्हटलं जरा.’

त्या गेल्या नि त्यांचं दार लागलं. मला त्यांचा असा राग आला, नि त्यांचा तरी काय दोष म्हणून स्वतःचाही. मी फोन स्पीकरवर टाकून आईला लावला आणि पुढचा सगळा पिक्चर ओळीनओळ मालवणीत सांगितला. ती मधेच ‘आता खंय गेलो?’ विचारायची, की मी थांबवून समजवायचे. इतकं छान वाटत होतं की निळ्या टोपाचाही राग येईना.

शेवटी पोरगा एका पुलावर उभा राहतो, पलीकडे कुणीतरी दिसतं, नि पिक्चर संपतो.

‘मग? भावाक घेवन घराक गेलो काय?’

‘ते दुसऱ्या भागात दाखवणार होते. पण हा आपटला ना, आता दुसरा काढणार नाहीत.’

‘म्हणजे आता कधीच कळाचा नाय?’

‘नाही. माझ्या उलट्या पुस्तकांतही तो अजून शोधतोच आहे.’

फोनवर तिने कोंबड्यांना हाकललेलं ऐकू आलं.

‘गो बाय,’ ती म्हणाली, ‘माजी खाट कोणाक तरी देवन टाक. तुका फिराक जागा होतली.’

एकटीला किती जागा लागते गं आई, असं म्हणणार होते. नुसतं ‘बरं’ म्हटलं.