लाल पट्ट्याचा पेला

आदरणीय लक्ष्मण मुकणे साहेबांना मी प्रथम पाहिलं ते भिवंडीच्या आमच्या अग्निशमन केंद्राच्या दारात. वज्रेश्वरीजवळच्या कातकरी वाडीवरून आलेले, अंगाने सडपातळ, हातात नेमणुकीचं पत्र आणि अंगात कुणाचा तरी मागून आणलेला ढगळ शर्ट. त्याआधी आमच्याकडे एकही आदिवासी फायरमन नव्हता. पुढे हेच आमचे केंद्रप्रमुख झाले, आणि आज त्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. सर्वांत जुना सहकारी म्हणून मला लेख मागितला गेला. चार गोड शब्द लिहून मी मोकळा होणार होतो. पण गेल्या रविवारी असा काही हादरलो, की गोड शब्द सुचेनात.

त्या सकाळी ग्रंथाचं काम पाहणारे आमच्या केंद्रातले तरुण फायरमन घरी आले. एकाने पिशवीतून स्टीलचा पेला काढला. लखलखीत घासलेला, काठाखाली लाल पट्टा.

"भोईरकाका, साहेबांचा मानाचा पेला! ह्याचाच फोटो मुखपृष्ठावर टाकतोय. बंबाच्या रंगाचा पट्टा, फक्त साहेबांसाठी. आम्ही कुणी कधी हातसुद्धा नाही लावला."

मानाचा! अहो, माझ्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला.

तो पट्टा मी ओढला होता. साहेब रुजू झाले त्या दिवशी बंबाला रंग देणं चाललं होतं. केंद्रात पाण्याचा माठ एकच, पेले सगळ्यांचे मिळून. कातकऱ्याचा पेला आपल्यात मिसळायला नको, असं माझ्या डोक्यात आलं. कुणी सांगितलं नव्हतं मला. मीच ब्रश उचलला, एका पेल्याला पट्टा ओढला, त्यासाठी भिंतीत वेगळा खिळा ठोकला आणि त्याच पेल्यातून साहेबांना पहिलं पाणी दिलं. सगळ्यांना कळलं, कुणी चकार शब्द काढला नाही. साहेब त्याच पेल्यातून पाणी पीत राहिले.

नारपोलीच्या लूमच्या कारखान्याला भर दुपारी आग लागली, तेव्हा पाण्याच्या पाइपचं तोंड माझ्या हातात होतं आणि साहेब माझ्यामागे, माझा कमरपट्टा धरून. दारात एक कामगार छाती बडवत होता, "साब, मेरा भाई अंदर है!" आम्ही आत शिरलो. सुताचा धूर फार वाईट, दहा पावलांत मी कोसळलो. साहेबांनी स्वतःच्या तोंडावरचा ओला पंचा सोडून माझ्या तोंडावर बांधला, मला फरफटत बाहेर आणलं आणि पुन्हा आत जाऊन त्या भावालाही खांद्यावर टाकून आणलं. केंद्रात परतल्यावर मला पाणी आणून दिलं तेही साहेबांनीच, आणि आठवणीने बिनपट्ट्याच्या पेल्यातून. मग खिळ्यावरचा लाल पट्ट्याचा पेला काढून स्वतः प्याले. मी बघत बसलो होतो. त्या दिवशीसुद्धा तो खिळा मी उपटला नाही. लाज वाटते लिहायला, पण लिहितो.

केंद्रप्रमुख झाल्यावर साहेबांनी एक नियम घातला. आगीवरून परतल्यावर पहिलं पाणी सर्वांत नव्या माणसाने प्यायचं, प्रमुखाने शेवटी. साहेब शेवटी यायचे आणि आपला लाल पट्ट्याचा पेला भरून घ्यायचे. नव्या मुलांना वाटलं, हा मानाचा पेला. मी तिथेच असायचो आणि गप्प बसायचो.

रविवारी दुपारीच मी त्या मुलांकडून पेला मागून घेऊन वज्रेश्वरीला साहेबांच्या घरी गेलो. ते परसात वालाच्या वेलाला काठ्या लावत होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी मान वर केली नाही.

"ठाव हाय मला, भोईर. तुमच्या नखात लाल रंग व्हता. पट्टा पन ओलाच व्हता, माझ्या बोटांना लागला."

पहिल्या दिवसापासून! "मग बोलला का नाहीत, साहेब?"

"बोललो असतो त नोकरी ऱ्हायली असती? वाडीवरचा पयला मी. मीच परत गेलो असतो त मागून कोन आला असता?"

"राग नाही आला?"

"आला ना. लय आला. नारपोलीत तुम्हाला वढत व्हतो तवा पन व्हता." त्यांनी काठी जमिनीत रोवली. "ड्युटी व्हती ती. राग गेला न्हाय अजून. बसा, च्या घ्या."

मी बसलो. आजवर मी समजत होतो की पट्टा कुणी ओढला हे साहेबांना कळलंच नाही, म्हणून ते माझ्याशी चांगले वागले. माझ्यावरचा राग मनात ठेवून ह्या माणसाने मला आगीतून बाहेर काढलं. हे कळल्यापासून मी सुन्न आहे.

संपादक मंडळींनो, फोटो खुशाल छापा, पण त्याखाली ‘मानाचा पेला’ लिहू नका, माझं नाव लिहा.

आणि साहेब, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्यावर रागवायला तुम्हाला आजवर सवड मिळाली नाही, ती आता भरपूर मिळो. सत्काराच्या दिवशी तो पेला व्यासपीठावर असेल. पहिलं पाणी नव्या माणसाचं, हा नियम तुमचाच. त्या पेल्यातून मी अजून एकदाही प्यालो नाही. तुम्ही भरून द्याल का?