घरच्या दोन सऱ्या

कळंबला आमच्या फ्लॉवरच्या वावरात विहिरीकडच्या दोन सऱ्या घरच्या होत्या. वडील पाठीवर पंप घेऊन अख्खं वावर फवारायचे आणि त्या दोन सऱ्यांपाशी आले की पंप बंद. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावात बहुतेकांचं असंच होतं. मंचरच्या बाजारात जाईल तो फवाऱ्याचा, पोरांच्या ताटात येईल तो बिनफवाऱ्याचा. याला अडाणीपणा कसा म्हणायचा? सगळं माहीत होतं, म्हणून तर पंप बंद व्हायचा.

गाईचा विचार मात्र कुणी केला नव्हता. फ्लॉवर काढला की छाटलेला हिरवागार पाला पाट्या भरभरून गोठ्यात यायचा. फुकटचा चारा, टाकायचा कशाला? आमची जर्शी तो मिटक्या मारत खायची. तिला एकदम काही झालं नाही, तिथंच तर घात होता. आधी केस राठ झाले, मग कासेला सूज आली, ती उतरते न उतरते तोच खोकला. लाळ्या-खुरकताची लस वेळेवर टोचलेली होती, तरी तिला खुरकत झालं. वर ती गाभण.

वडील गुरांच्या डॉक्टरांवर उखडले. "लस न्हाई, पानी टोचलं व्हतं तुमी."

डॉक्टरांनी गव्हाणीतला पाला हातात घेतला. "शेजारच्या गोठ्यात हीच लस टोचली, तिथं सगळी धडधाकट हायेत. हिच्या पोटात रोज थोडं थोडं विष जातंय, भाऊ. अंगात जोरच नाय, तर लस काय करणार? त्यानंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाय, पण पाला बंद करा."

लिहून देऊ शकत नाही, एवढंच वडिलांनी धरलं. दुसऱ्या दिवशी पाटी परत गोठ्यात. त्याच आठवड्यात गाय गाभडली, पोटातलं वासरू गेलं.

तिच्या तोंडातले फोड बसल्यावर एका सकाळी आईनं दावं सोडलं आणि लंगडणाऱ्या गाईला थेट घरच्या दोन सऱ्यांत नेऊन उभं केलं. वडील बांधावरून ओरडले, "आगं, त्या घरच्या हायेत. पोरांनी काय खायाचं?"

आई गाईच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "पोरं दूध कुणाचं पित्यात?"

त्या दिवसापासून गोठ्यात पाला आला नाही. गाय महिनोन्‌महिने झिजत होती तेव्हा नाही, वासरू गेलं तेव्हाही नाही, आमच्या पेल्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा तो बंद झाला. मला त्याचा संताप आजही येतो.