सूर्यभानच्या घरचा गुरुवार

अकोल्याच्या ज्या शाळेत मी शिकलो, तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथून बाहेर पडलेले लोक आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि त्यांना चटकन राग येतो. कापसाच्या बाजाराला ती लागून होती, एवढं पुरे. दीडशे मुलं, पाच मास्तर, पुण्याहून आलेले एक हेडमास्तर, आणि या सगळ्यांना उठवणारा-बसवणारा सूर्यभान.

शाळेला भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. हेडमास्तरांच्या खिशात एक होतं, पण आमच्या धुळीने दोन महिन्यांत त्याचा जीव घेतला आणि ते दुरुस्तीला मुंबईला गेलं ते गेलंच. वेळेची सगळी मदार व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या घंगाळावर. पाण्याने भरलेल्या त्या घंगाळात एक तांब्याची वाटी तरंगायची. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाणी भरत भरत वाटी बुडाली की एक घटका झाली. सूर्यभान ती उचलून रिकामी करी, पुन्हा पाण्यावर सोडी आणि एक चिंचोका डाव्या ढिगातून उजव्या ढिगात टाकी. अर्ध्या घटकेसाठी वाटीच्या आत एक रेघ कोरलेली होती. अडीच घटका, म्हणजे एक तास झाला की तो उठून टांगलेल्या पितळी थाळीवर टोला देई, की इंग्रजीचे मास्तर बाहेर आणि गणिताचे आत.

त्याचा बाप मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, किल्ल्याच्या दरवाजावर हेच काम करी. राज्य बदललं, इंग्रज आला, वाटी तीच राहिली. सूर्यभान जातीने माळी. पहाटे मळ्यातली भाजी बायकोच्या डोक्यावर देऊन तो शाळेत येई, पाणी फडक्याने गाळून घंगाळ भरी आणि मांडी घालून बसे. उंच, हाडकुळा, मिशीला कधी कात्री न लागलेला माणूस. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर फार. हेडमास्तर म्हणत, वऱ्हाडातला हा एकच माणूस माझ्याशी भांडल्यासारखा बोलत नाही, कारण हा बोलतच नाही.

मी अमरावतीचा. मामांची अकोल्याला कापसाची अडत होती, म्हणून राहायला घर आणि खायला तूप होतं. बाकी पुष्कळ मुलं वारावर जेवत. आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी, असे सात वार सात घरी लावून घ्यायचे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी फुटाणे आणि विहिरीचं पाणी. जातीतली घरं शोधावी लागत, आणि माळ्याच्या मुलाला ती शोधणं सोपं नव्हतं, कारण माळ्यांची मुलं इंग्रजी शाळेत येतच नसत.

गोवर्धन आला होता. पातूरकडच्या एका मळ्यातला. त्याला सात वार मिळेनात, चारच मिळाले. त्यातला गुरुवार सूर्यभानच्या घरी. सूर्यभान आणि त्याची बायको जमुनाबाई यांना मूल नव्हतं. त्यामुळे गुरुवारी त्या घरी काय शिजतं याची चर्चा आमच्या वर्गात शुक्रवारी व्हायची. गोवर्धन सांगायचा आणि आम्ही ऐकायचो. माझ्या मामीच्या तुपालाही ती चव नव्हती, असं मला तेव्हा वाटे, आणि त्याचा मला रागही येई.

पहिला नंबर आमच्या दोघांतच फिरत असे. मी भरभर लिहायचो. गोवर्धन सावकाश लिहायचा, पण त्याचं खोडावं लागत नसे. मास्तर म्हणत, देवीदासचं घोडं पळतं आणि गोवर्धनचा बैल पोचतो. मला यात माझी स्तुती आहे असं वाटायचं.

त्या साली कापसाने लोकांना वेड लावलं होतं. अमेरिकेत लढाई चालली होती आणि इकडे आमच्या शेतकऱ्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या टोप्या चढल्या होत्या. रेल्वे अजून अकोल्यापर्यंत आली नव्हती. शाळेच्या कुंपणाला लागून पाचपाचशे गाड्या सुटत, पलीकडे सरकी काढायचे रेचे दिवसभर करकरत, आणि वाऱ्यावर रुईचे तंतू उडत. दौतीत तंतू, ताटात तंतू. वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतावर असे. हेडमास्तर रिकाम्या बाकांना व्याकरण शिकवत आणि अंगरख्यावरून कापूस झटकत.

माघ महिन्यात शिष्यवृत्तीची परीक्षा आली. शिष्यवृत्ती एकच. ज्याला मिळेल त्याने मुंबईला जायचं, राहण्याजेवणाची सोय सरकारकडून, आणि पुढे युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं. माझं तिच्यावाचून अडणार होतं असं नाही, मामा होते. गोवर्धनचं अडणार होतं. ती मिळाली तर मुंबई, नाही तर पातूरचा मळा. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

गणिताचा पेपर शेवटचा. तीन तासांचा, म्हणजे साडेसात घटकांचा. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, अंगणात सावली म्हणून पडली नव्हती. दहा प्रश्नांपैकी आठ मी सोडवले, नववा जमेना, दहाव्याकडे पाहिलंही नाही, आणि ऐट म्हणून वेळ संपायच्या आधीच पेपर देऊन बाहेर पडलो. सूर्यभान वाटीकडे पाहत बसला होता. मी त्याच्यासमोरून गेलो तेव्हा उजव्या ढिगात पाच चिंचोके होते. गोवर्धन आत मान खाली घालून लिहीत होता.

यापुढचं मला गोवर्धनने आणि जमुनाबाईंनी पुढे कधीतरी सांगितलं.

मुलं गेल्यावर सूर्यभानने वाटी पुसायला घेतली. उजेडाकडे धरली तर भोकातून उजेड येईना. नीट पाहिलं तर कापसाचा एक तंतू भोकात अडकून फुगला होता. पाणी सकाळी गाळलेलं होतं, पण वरून पडणारा कापूस कोण गाळणार? त्याने तंतू तसाच ठेवून वाटी घरी नेली, बापाची जुनी वाटी कोनाड्यातून काढली आणि दोन्ही एका घंगाळात सोडल्या. बापाची वाटी बुडाली, रिकामी होऊन पुन्हा तरंगली आणि अर्ध्याच्या वर भरली, तेव्हा कुठे दुसरी बुडायला आली. तंतू नेमका केव्हा अडकला हे कळायला मार्ग नव्हता. शेवटच्या दोन-अडीच घटका तरी लांबल्या होत्या. मुलांना अर्धा-पाऊण तास फुकट मिळाला होता.

तो कुणाशी बोलला नाही. निकाल लागायचा होता. कदाचित त्या वेळाने कुणाचंच काही बिघडलं-सुधारलं नसेल, असं त्याने आठ दिवस स्वतःला सांगितलं असावं. आपण सगळेच सांगतो.

निकाल बुधवारी लागला. गोवर्धन पहिला, मी दुसरा. गणितात त्याचे दहाच्या दहा प्रश्न बरोबर होते. मी घरी जाऊन जेवलो नाही, आणि मामींनी माझी दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. जमुनाबाईंनी पुरण घातलं होतं. गोवर्धन पाटावर बसून पेपराचं वर्णन करत होता. त्याला बोलताना थांबवणं कुणाच्या जिवावर आलं असतं.

"नववं गनित लय अवघड होतं, काकू. म्या म्हनलं, आता टोला पडते. पन टोला पडेचना. मंग दहावंई झालं."

सूर्यभानचा हात ताटातच राहिला. जमुनाबाईंनी विचारलं, "तुमी काहून जेवून नाई राहिले?"

"पोट भरलं," तो म्हणाला आणि उठला.

शुक्रवारी सकाळी पाणी भरायच्या आधी तो हेडमास्तरांच्या दारात उभा राहिला. हातात वाटी, वाटीत तो तंतू. त्याने जे झालं ते सांगितलं. हेडमास्तर बराच वेळ वाटी फिरवून पाहत राहिले.

"आठ दिवस काय करत होतास?"

"चुकलं, साहेब."

"आणि आज का बोललास? कुणी विचारलं होतं?"

सूर्यभान पाणी भरायला गेला. हेडमास्तरांचे कारकून नंतर सगळ्यांना सांगत सुटले, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गप्प बसला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

सोमवारी गणिताचा पेपर पुन्हा झाला. नवे प्रश्न, साडेसात घटका. सूर्यभानने घंगाळावर जमुनाबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून बांधला होता आणि एका कडेने हात घालून तो वाटी काढी. या वेळी मी ऐट केली नाही. टोला पडेपर्यंत लिहिलं, नऊ प्रश्न सोडवले. टोला पडला तेव्हा गोवर्धनचा आठवा संपत आला होता. मी मागे वळून पाहिलं होतं, म्हणून मला माहीत. त्याने बोरू खाली ठेवला, शाईचा डाग बोटाने पुसला आणि पेपर देऊन आला. चार गुणांनी शिष्यवृत्ती माझी झाली.

जमुनाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. भाकरी समोर सरकवायची आणि तोंड फिरवायचं. एकदाच म्हणाल्या, "कापसाचा एक तंतू, आन त्याच्यापायी पोट्ट्याचं नशीब पान्यात."

पुढच्या गुरुवारी गोवर्धन येणार नाही असं दोघांनी धरलं होतं. तरी जमुनाबाईंनी तीन माणसांचा स्वयंपाक केला. सूर्यभान बाहेर ओट्यावर जाऊन बसला. जेवणाच्या वेळेला गोवर्धन आला, त्याच्यासमोरून आत गेला, हातपाय धुऊन पाटावर बसला. ताट वाढलं तरी त्याने घास घेतला नाही.

"काका," त्याने आतून हाक मारली, "जेवाले या. भाकर थंडी होऊन राहिली."

सूर्यभान आत आला. तिघं जेवले. गणिताचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

मी मुंबईला गेलो. युनिव्हर्सिटी युनिव्हर्सिटी म्हणून इतकं ऐकलं होतं की पहिल्याच आठवड्यात तिची इमारत पाहायला निघालो, तर कळलं की युनिव्हर्सिटीला अजून स्वतःची इमारतच नाही. परीक्षा टाउन हॉलात व्हायच्या. तिथे मोठं घड्याळ होतं आणि त्याच्यात कापूस जात नव्हता. मी पास झालो, पुढेही होत गेलो. माझ्याहून सावकाश लिहिणारी, माझ्याहून जास्त समजणारी मुलं तिथे दरसाल मागे पडताना पाहिली. त्या प्रत्येक वेळी मला गोवर्धनचा आठवा प्रश्न आठवे. वाईट वाटे. पण मी थांबलो नाही, हेही खरं.

दरम्यान अमेरिकेतली लढाई संपली, कापूस जमिनीवर आला, बैलांच्या शिंगांवरची चांदी उतरली. रेल्वे अकोल्याला पोचली आणि तिच्याबरोबर शाळेचं भिंतीवरचं घड्याळही. सूर्यभानला ते वाचता येत नव्हतं. मोठा काटा वर गेला की टोला द्यायचा, एवढं त्याला शिकवलं. घंगाळ बागेला पाणी घालायला गेलं. त्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

चार वर्षांनी मी अकोल्याला आलो. नोकरी लागली होती. मनात होतं की सूर्यभानला एक धोतरजोडी द्यावी आणि आभार मानावे. या माणसाच्या सचोटीमुळे मी इथवर आलो, असं एक छोटंसं भाषण मी गाडीत जुळवूनही ठेवलं होतं.

गेलो तो नेमका गुरुवार निघाला. गोवर्धन तिथे होता. बार्शीटाकळीला मराठी शाळेत मास्तर झाला होता आणि अकोल्याला यायचं असलं की गुरुवार साधून येत होता. मला पाहून तो मोकळेपणाने हसला, माझी विचारपूस केली आणि जमुनाबाईंना सरपण फोडून द्यायला परसात गेला. त्यांनी माझ्यासमोर गुळपाणी ठेवलं. जेवायला बसा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मी सूर्यभानपुढे धोतरजोडी ठेवली आणि भाषण सुरू केलं. त्या दिवशी तुम्ही खरं बोललात, असं तुमच्याजागी कुणी केलं नसतं, वगैरे. तो ऐकून घेत होता. मग त्याने जोडी उचलून माझ्या बाजूला सरकवली.

"देवीदासराव, माया हातून तसं काई झालं नाई. वाटी हाय, पानी हाय, कमीजास्त होते. मोगलाईत बाप किल्ल्यावर वाजवे, तवाबी होये. कोनी सांगत नसे."

"मग तुम्ही का सांगितलंत?"

परसातून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. त्याने तिकडे मान वळवली.

"थो पयला आला म्हनून. पोट्टा माया घरी जेवे. त्याच्यासाठी गप बसलो असतो तं थे चोरी झाली असती. तुमी पयले आले असते, तं मी काहून बोललो असतो?"

मी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यालो, जोडी काखेत मारली आणि निघालो. गोवर्धनचे सातच्या सात वार दुसऱ्या घरी लागले असते, तर मुंबईला तोच गेला असता.